पाने खाणारे भुंगेरे आणि आक्रमक झुडपे : भुंगेऱ्याला भूक कधी लागते, यावर बरंच काही ठरतं

ओढ्याकाठी
धागालेखक

नमस्कार मंडळी,

आक्रमक झुडपांच्या जैविक नियंत्रणाचा विषय निघाला की चर्चा पटकन दोन टोकांना जाते. कुणी म्हणतं कीटक सोडा, झुडूप आपोआप संपेल. कुणी म्हणतं बाहेरचा कीटक आणणं म्हणजे एक संकट घालवायला दुसरं ओढवून घेणं. या दोन्हींवर बोलूच, पण मला आधी एक तिसरीच गोष्ट मांडायची आहे, कारण तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. पाने खाणारा भुंगेरा झुडपाला मारू शकतो की नाही, हे तो किती खातो यापेक्षा वर्षाच्या कोणत्या काळात खातो यावर जास्त अवलंबून असतं.

मुळात पाने खाऊन झुडूप मरतं कसं, ते बघू. ही झुडपं तोडली, जाळली तरी बुडापासून पुन्हा फुटतात, हे ज्यांनी कधी हातात कोयता घेतलाय त्यांना सांगायला नको. खोडाच्या बुडाशी आणि मुळांत त्यांनी पिष्टमय पदार्थांचा साठा केलेला असतो. पाने गेली की हा साठा मोडून नवी पालवी येते. ती पालवी जून होऊन साठा परत भरायला लागण्याआधीच पुन्हा खाल्ली गेली, तर झाडाला उरलासुरला साठा पुन्हा मोडावा लागतो. असं काही हंगाम सलग चाललं की फांद्या वाळत जातात आणि शेवटी मूळ मरतं. एकदाच सगळी पाने खाल्ली गेली तर झुडूप सहसा पुन्हा पूर्ववत होतं. म्हणून पुन्हा पुन्हा, आणि योग्य वेळी, हे दोन्ही लागतं.

याचं मला सर्वांत शिकण्यासारखं वाटणारं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. हायपेरिकम परफोरेटम ही युरोपातली वनस्पती तिथे क्लॅमथ वीड नावाने ओळखली जाते. काटेकोरपणे ती झुडूप नाही. बहुवर्षायू आणि बुडाशी काष्ठमय असते. १९४० च्या दशकात तिने तिथली वीस लाखांहून अधिक एकर कुरणं व्यापली होती. गुरांनी ती खाल्ली की त्यांची कातडी उन्हाने भाजून निघायची. युद्धामुळे युरोपातून कीटक आणणं शक्य नव्हतं, म्हणून ऑस्ट्रेलियाने आधीच युरोपातून नेलेले क्रायसोलिना वंशाचे दोन पर्णभुंगेरे तिथून मागवले गेले. पण दक्षिण गोलार्धातले ऋतू उलटे. आलेले भुंगेरे त्यांच्या उन्हाळी सुप्तावस्थेत होते. शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर पाण्याचे बारीक तुषार मारले, भुंगेऱ्यांना पाऊस सुरू झाल्यासारखं वाटलं आणि ते जागे होऊन अंडी घालू लागले. १९४५-४६ मध्ये त्यांना मोकळ्यावर सोडलं.

दोनपैकी क्रायसोलिना क्वाड्रिजेमिना हा पुढे निघाला. कारण असं की शरद ऋतूतला पाऊस पडताच तो लवकर जागा होतो आणि लवकर अंडी घालतो. दुसऱ्या जातीला, क्रायसोलिना हायपेरिसीला, जास्त ओल लागते, म्हणून ती मागे पडते. लवकर निघालेल्या अळ्या हिवाळाभर जमिनीलगतची कोवळी पाने खात राहतात. त्या काळात वनस्पतीला मुळं खोल न्यायची असतात, पण पानेच नसल्याने ते जमत नाही. मग कॅलिफोर्नियाचा कोरडा उन्हाळा येतो आणि उथळ मुळांची झाडं वाळून जातात. म्हणजे भुंगेऱ्याने झाडाला कमकुवत केलं आणि उन्हाळ्याने मारलं. साधारण दहा वर्षांत या तणाचं प्रमाण आधीच्या एक टक्क्याच्या आसपास आलं. लोकांनी तिथे या भुंगेऱ्याची आठवण म्हणून फलकसुद्धा उभारला आहे, आणि तो मान त्याला मिळायलाच हवा होता.

आता उलट बाजूचं उदाहरण. झाऊ, म्हणजे टॅमरिक्स. आशिया आणि भूमध्य सागराच्या भागातली ही झुडपं १९ व्या शतकात अमेरिकेत शोभेसाठी, वाऱ्याला आडोसा म्हणून आणि नदीकाठची माती धरून ठेवायला नेली. नैऋत्य अमेरिकेच्या नद्यांचे काठ त्यांनी भरून टाकले. त्यांच्यावर डायोऱ्हॅब्डा वंशाचा पर्णभुंगेरा चीनमधल्या फुकांग आणि कझाकस्तानातल्या चिलिक इथून आणला. १९९९ मध्ये जाळीच्या पिंजऱ्यांत आणि २००१ मध्ये मोकळ्यावर सोडला. नेवाडा, युटा, कोलोराडो, वायोमिंग इथे त्याने काही वर्षांत मैलोन्मैल झाऊ तपकिरी करून टाकला. टेक्सासमध्ये मात्र तोच भुंगेरा तग धरेना.

कारण दिवसाची लांबी. दिवस साधारण साडेचौदा तासांपेक्षा लहान झाला की हा भुंगेरा थंडी आली असं समजून अंडी घालणं थांबवतो, अंगात चरबी साठवतो आणि पाचोळ्यात शिरतो. साधारण ३८ उत्तर अक्षांशाच्या खाली हा टप्पा फार लवकर येतो, आणि टेक्सासच्या बऱ्याच भागात तर वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा तेवढा नसतो. भर उन्हाळ्यात, आजूबाजूला हिरवा झाऊ उभा असताना, भुंगेरा झोपी जायचा. त्या उष्णतेत साठवलेली चरबी वसंतापर्यंत पुरायची नाही आणि तो मरायचा. शेवटी दक्षिणेसाठी दक्षिणेतलेच भुंगेरे शोधावे लागले : ग्रीसच्या क्रीट बेटावरचे, ट्युनिशियातले, उझबेकिस्तानातले. पुढे २००९ मध्ये वर्गीकरण तपासल्यावर या वेगवेगळ्या जातीच असल्याचं स्पष्ट झालं.

मला या विषयात रस असणाऱ्यांची मतं हवी आहेत. विशेषतः पिकांना धोका, नंतर त्या जागी काय उगवतं, आणि आपल्या सगळ्यांच्या परिचयाची टणटणी का हटत नाही, यावर.

---

शेवंती

फार छान धागा. पाण्याचे तुषार मारून भुंगेरे जागे करण्याचा भाग दोनदा वाचला.

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. भुंगेरा तेवढंच एक झुडूप खाईल आणि पिकाकडे वळणार नाही, याची खात्री आधी कशी करतात? भूक लागली की कोणताही प्राणी मिळेल ते खाईलच ना?

---

कीटकवेडा

शेवंती, तुमचा प्रश्न प्राथमिक अजिबात नाही, सगळी परवानगीच त्यावर उभी असते.

आधी भुकेबद्दल. पाने खाणारे बरेचसे भुंगेरे खाण्याच्या बाबतीत फार हट्टी असतात. प्रत्येक वनस्पतीच्या पानात तिची स्वतःची रसायनं असतात, आणि भुंगेरा ती रसायनं ओळखूनच अंडी घालतो, चावा घेतो. ओळखीचं रसायन नसलं तर अळी पानावर बसल्या बसल्या उपाशी मरते पण खात नाही. हजारो वर्षं एकाच वंशाच्या वनस्पतीवर जगल्याने पचनसंस्थासुद्धा तिच्यासाठीच घडलेली असते.

पण हे गृहीत धरून चालत नाही, तपासावं लागतं. वॉपशेअर या शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मांडलेली पद्धत आजही पाया मानली जाते. लक्ष्य वनस्पतीच्या सर्वांत जवळच्या नातलगांपासून सुरुवात करायची आणि दूरच्या नातलगांकडे सरकत जायचं : आधी त्याच जातीचे इतर प्रकार, मग वंशातल्या इतर जाती, मग कुळ. शिवाय त्या प्रदेशातली महत्त्वाची पिकं आणि दुर्मीळ देशी वनस्पती घ्यायच्या. काही चाचण्यांत भुंगेऱ्याला फक्त तीच एक वनस्पती देतात, दुसरा पर्यायच नसतो. काहींत लक्ष्य वनस्पती शेजारी ठेवून निवड करू देतात. आणि शक्य असेल तिथे भुंगेऱ्याच्या मूळ देशात उघड्यावर लावून बघतात.

इथे एक गुंता आहे. पिंजऱ्यातला भुंगेरा निसर्गापेक्षा जास्त उदार वागतो. दक्षिण आफ्रिकेत सोलॅनम इलेग्निफोलियम या रुपेरी पानांच्या तणावर लेप्टिनोटार्सा टेक्साना हा पर्णभुंगेरा आणला. बटाट्याचा कुप्रसिद्ध कोलोराडो भुंगेरा याच वंशातला. प्रयोगशाळेत याच्या अळ्या वांग्याच्या पानांवर वाढल्या. फक्त तेवढं बघितलं असतं तर फाईल तिथेच बंद झाली असती. पण त्याच्या मूळ प्रदेशात वांग्यावर तो कीड म्हणून आढळत नाही, निवड दिली की तणच पसंत करतो, हे सगळं तोलून १९९२ मध्ये सोडायची परवानगी मिळाली, आणि तो तणावर चांगला बसला.

झाऊच्या भुंगेऱ्याचंही असंच. अमेरिकेत झाऊच्या कुळाची देशी वनस्पती नाही. सर्वांत जवळचं नातं फ्रँकेनिया या वंशाशी. प्रयोगशाळेत थोड्या अळ्या फ्रँकेनियावर वाढल्या, म्हणून मुद्दाम पाने फस्त झालेल्या झाऊच्या शेजारी, म्हणजे भुकेल्या भुंगेऱ्यांच्या गर्दीत, फ्रँकेनिया लावून पाहिली. नुकसान नगण्य निघालं.

---

मृद्गंध

धागा चांगला आहे, पण मी इथे सावधतेच्या बाजूने बोलणार आहे.

गाजर गवताचा मेक्सिकन भुंगेरा आठवा. झायगोग्रामा बायकोलोराटा. भारतात १९८३ मध्ये आणला, चाचण्या झाल्या, १९८४ मध्ये बंगळूरला सोडला. काही वर्षांनी तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि मोठा गदारोळ उठला, चौकशी बसली. शेतकऱ्याला तेव्हा काय वाटलं असेल याचा विचार करा. चाचण्या केल्या म्हणून सांगितलेलं आणि समोर पानावर भुंगेरा बसलेला.

दुसरं उदाहरण पाने खाणारं नाही, पण धडा तोच. ऱ्हायनोसायलस कॉनिकस हा सोंड्या भुंगेरा युरोपातल्या काटेरी तणांच्या बोंडांवर म्हणून उत्तर अमेरिकेत सोडला. अमेरिकेत १९६९ मध्ये. पुढे तो तिथल्या देशी काटेरी वनस्पतींची बोंडं खाताना सापडला. १९९७ मध्ये हे ठळकपणे प्रसिद्ध झालं. आणि एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. तणनाशकाची फवारणी आपण थांबवू शकतो. भुंगेऱ्यांना कसं थांबवणार?

---

ओढ्याकाठी

मृद्गंध, तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. सोडलेला कीटक कायमचा असतो. म्हणूनच ही पद्धत घाईची नाही.

पण दोन्ही उदाहरणांतून मला वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. सूर्यफुलाच्या प्रकरणात पुढच्या अभ्यासातून कळलं की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की भुंगेरा ते पान चावतो. कीटकवेडा म्हणतात ते ओळखीचं रसायन परागातून पानावर आलेलं होतं. सूर्यफुलावर त्याची पिढ्यानपिढ्या वाढ होऊन कीड बसली, असं झालं नाही. भुंगेरा आज भारतात मोठ्या प्रदेशात पसरलेला आहे आणि जबलपूरचं तण संशोधन संचालनालय तो लोकांना पुरवतं.

सोंड्या भुंगेऱ्याचं प्रकरण याहून गंभीर आहे, आणि त्यावर पांघरूण घालायला मी तयार नाही. तिथे चाचणी चुकली नव्हती. तो देशी जातींवरही जगू शकतो हे आधीच दिसलं होतं. त्या काळी देशी काटेरी वनस्पतींना कुणी किंमत दिली नाही, एवढंच. म्हणजे दोष मूल्यमापनाचा होता. आज तोच कीटक परवानगीसाठी आला तर तो नाकारला जाईल.

---

नवशिका

वाचतोय. टणटणीचं सांगा ना कुणीतरी. इतकी वर्षं ऐकतो की तिच्यावर कीटक सोडलेत, पण जंगलात बघावं तिकडे ती आहेच.

---

रानवाट

टणटणीवर मी लिहिते, माझ्या आवडीचा आणि काळजीचा विषय.

कीटक वापरून तण आवरण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या पद्धतशीर प्रयत्नांत टणटणीच होती. १९०२ मध्ये कीटकशास्त्रज्ञ आल्बर्ट कोबेले यांनी मेक्सिकोतून २३ जातींचे कीटक हवाई बेटांवर पाठवले, त्यातले ८ रुजले. त्यानंतर निरनिराळ्या देशांत मिळून चाळीसच्या आसपास जातींचे कीटक तिच्यावर वापरून झाले. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांत दोन महत्त्वाचे : युरोप्लाटा गिरार्डी आणि ऑक्टोटोमा स्कॅब्रिपेनिस. दोघांचेही प्रौढ पानाचा पृष्ठभाग खरवडून खातात आणि अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला हिरवा गर पोखरतात. पानावर तपकिरी चट्टे दिसतात. ऑस्ट्रेलियात १९६६ मध्ये दोन्ही सोडले आणि काही भागांत त्यांचा बऱ्यापैकी परिणाम दिसतो. भारतातही सत्तरच्या दशकात आणले गेले.

मग टणटणी जात का नाही? मला तीन कारणं ठळक वाटतात.

पहिलं, जिला आपण एक झुडूप म्हणतो ती बागांमध्ये संकर करून तयार झालेल्या अनेक वाणांची खिचडी आहे. भारतात ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. भुंगेऱ्याला तिचे काही वाण आवडतात, काही नाही. क्लॅमथ वीडच्या बाबतीत भुंगेरा ज्या झाडावर घडला तेच झाड समोर होतं. टणटणीच्या बाबतीत निसर्गात कुठेच नसलेलं झाड समोर आहे.

दुसरं म्हणजे धागालेखकांचाच मुद्दा, वेळ. कोरड्या ऋतूत टणटणी पाने गाळते. म्हणजे पाने खाणाऱ्याचं अन्नच महिनोन्महिने नाहीसं. भुंगेऱ्यांची संख्या कोसळते. पाऊस आला की झुडूप एकदम फुटतं, आणि मूठभर उरलेल्या भुंगेऱ्यांना संख्या वाढवायला वेळ लागतो. तोवर झुडपाने साठा भरून घेतलेला असतो. कॅलिफोर्नियात झाड कमकुवत असताना भुंगेरा भुकेला होता. इथे झाड जोरात असताना भुंगेराच नसतो.

तिसरं, सावली. दाट झाडीखालच्या टणटणीवर आणि उन्हातल्या टणटणीवर कीटकांचा परिणाम सारखा होत नाही.

आणि सावधतेच्या बाजूने, मृद्गंध, ही गोष्ट तुम्हाला महत्त्वाची वाटेल. टेलिओनेमिया स्क्रुप्युलोसा हा जाळीदार पंखांचा ढेकूण (भुंगेरा नव्हे) १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणला होता. प्रयोगशाळेत तो सागाच्या फुलांवर खाताना दिसला म्हणून सगळा साठा नष्ट करायचं ठरलं. तरी तो बाहेर निसटला आणि पसरला. सागाचं नुकसान झालं नाही, हे खरं. पण विलगीकरणाची प्रयोगशाळा किती पक्की हवी, हे त्यातून कळतं.

---

ओढ्याकाठी

रानवाट, अप्रतिम लिहिलंत. सावलीवरून एक जोड देतो. कॅलिफोर्नियात भुंगेऱ्याने उघडी कुरणं साफ केली, पण झाडांच्या सावलीत क्लॅमथ वीड टिकून राहिलं, कारण भुंगेऱ्याला ऊन लागतं. त्यानंतर तिथे नव्याने आलेल्या माणसाने पाहिलं तर त्याला वाटावं, ही सावलीत वाढणारी वनस्पती आहे. तिला प्रत्यक्षात ऊनच आवडतं, पण उन्हात तिचा शत्रू आहे. हफाकर आणि केनेट या तिथल्या अभ्यासकांनी हे नोंदवून ठेवलं नसतं तर आज परिसंस्थेच्या अभ्यासकांनी तिच्याबद्दल चुकीचंच लिहिलं असतं. माझ्या मते सोडण्याआधीची आणि नंतरची नोंद ठेवण्याचं महत्त्व याहून चांगलं कुठे दिसत नाही.

---

पाणथळ

मला नदीकाठांबद्दल बोलायचं आहे, कारण झाऊच्या गोष्टीत नदीकाठी राहणाऱ्या पक्ष्याची बाजू अजून आली नाही.

नैऋत्य अमेरिकेत विलो फ्लायकॅचर या पक्ष्याची एक उपजात आहे, १९९५ पासून तिथे संकटग्रस्त म्हणून संरक्षित. विलोंची झाडी गेली, त्या जागी झाऊ आला, आणि हा पक्षी झाऊवर घरटी करू लागला. म्हणूनच भुंगेरे सोडताना त्याच्या घरट्यांच्या प्रदेशापासून दूर सोडायचे असं ठरलं होतं, आणि दिवसाच्या लांबीमुळे ते दक्षिणेकडे पोहोचणारच नाहीत, असंही गृहीत होतं. पण २००६ मध्ये युटातल्या सेंट जॉर्ज इथे, व्हर्जिन नदीजवळ, भुंगेरे सोडले गेले आणि ते पक्ष्याच्या प्रदेशात पोहोचले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भुंगेरे सोडण्याची परवानगी मागे घेतली. भुंगेरे मात्र पसरतच राहिले.

ज्या मुद्द्यावरून तुम्ही धागा सुरू केलात तोच मुद्दा इथे उलटा फिरला. दक्षिणेकडे सरकत गेलेल्या भुंगेऱ्यांत नैसर्गिक निवड झाली. जे उशिरा झोपायचे तेच जगले. दहा-बारा वर्षांच्या आत दक्षिणेतल्या भुंगेऱ्यांचा झोपी जाण्याचा टप्पा लहान दिवसांकडे सरकला, हे २०१२ मध्ये मोजून दाखवलं गेलं. म्हणजे वेळ हा भुंगेऱ्यावरचा लगाम असतो, पण कायमचा नाही.

पाने गेली की घरट्यावरची सावली जाते, आणि हे ऐन उन्हाळ्यात, पिल्लांच्या काळात होतं. विलो आणि कॉटनवुड ही नदीकाठची देशी झाडं आधी लावून वाढू दिले असते तर पक्ष्याला जायला जागा असती. मला खरी चूक इथे वाटते. भुंगेरा पोहोचण्याआधी पुढची झाडी उभी करण्याचं काम कुणीच अंगावर घेतलं नाही.

पाण्याचाही मुद्दा आहे. झाऊचं एक झाड दिवसाला २०० गॅलन पाणी पितं, असा आकडा वर्षानुवर्षे फिरत होता आणि झाऊ काढला की नद्या भरतील असं लोकांना सांगितलं गेलं. मोजमापात तो टिकला नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या २०१० च्या अहवालातही हेच निघालं की झाऊ आणि तिथली देशी झाडी यांचा पाण्याचा वापर साधारण सारख्याच पातळीवर असतो. झाऊ हटवायला इतर कारणं आहेत, पण चुकीचं आश्वासन देऊन सुरू केलेलं काम पुढे लोकांचा विश्वास घालवतं.

---

शेवंती

पाणथळ, पक्ष्याचं हे माहीत नव्हतं. मन अस्वस्थ झालं वाचून. आक्रमक झुडूपसुद्धा कुणाचं तरी घर झालेलं असतं.

---

तिसरा_प्रहर

यशाची एक अलीकडची गोष्ट सांगतो, त्यात वेळ आणि जागा दोन्ही आहेत.

फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स पाणथळीत ऑस्ट्रेलियातला मेलाल्युका घुसला. तो झुडूप नाही, वृक्ष आहे, पण रोपांची दाटी झुडपांसारखीच. १९९७ मध्ये ऑक्सिऑप्स व्हिटिओसा हा सोंड्या भुंगेरा सोडला. हा फक्त कोवळी पाने खातो. अळ्यांच्या अंगावर चिकट, तेलकट थर असतो. त्यामुळे मुंग्या आणि इतर भक्षक त्यांच्या वाटेला जात नाहीत. कोवळी पालवी गेली की झाडाची फुलं कमी येतात, आणि मेलाल्युकाची ताकद बियांत असल्याने हा फटका मोठा.

पण या भुंगेऱ्याला कोषासाठी कोरडी माती लागते. जिथे वर्षभर पाणी साचलेलं, तिथे अळी खाली पडते आणि बुडते. म्हणून २००२ मध्ये एक रस शोषणारा लहान कीटक जोडीला दिला. त्याचं सगळं आयुष्य झाडावरच जातं. शिवाय मोठी झाडं तोडण्याचं आणि खोडाला तणनाशक लावण्याचं काम चालूच राहिलं. तोडलेल्या बुंध्यातून येणारी कोवळी फूट हे कीटक खाऊन टाकतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा तोडायला जावं लागत नाही. यंत्र, माणूस आणि कीटक अशी कामाची वाटणी मला सर्वांत पटते.

आणि सोलॅनम व्हायरम या काटेरी झुडपावर २००३ मध्ये तिथेच सोडलेला ग्रॅटियाना बोलिव्हियाना हा कासवासारखा दिसणारा भुंगेरा. मध्य आणि दक्षिण फ्लोरिडात त्याने चांगलं काम केलं, उत्तरेकडच्या थंडीत त्याचा जम बसला नाही. तिथेही वांग्याची कसून चाचणी झाली होती. वांग्यावर त्याची पिढी पूर्ण होत नाही.

---

नवशिका

एक प्रश्न. गाजर गवतावरचे भुंगेरे गोळा करून दुसरीकडे सोडले तर चालतात का? आणि कधी सोडावेत? कुणी म्हणतं उन्हाळ्यात सोडा, गवत कमी असतं तेव्हा ते संपवतील.

---

कीटकवेडा

गाजर गवताचा भुंगेरा देशात आधीच रुजलेला आहे, त्यामुळे तो देशातल्या देशात हलवायला आयातीचा प्रश्न येत नाही. नवा कीटक परदेशातून आणायचा असेल तर मात्र २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली परवानगी लागते, आणि ते काम राष्ट्रीय पातळीवरच्या संशोधन संस्थांचं. बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था यातली मुख्य. हौसेने खिशातून कीटक आणणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याच्याबरोबर त्याचे परोपजीवी आणि रोगही येतात. प्रयोगशाळेत पहिली पिढी वाढवून परोपजीवी काढून टाकल्याशिवाय कुठलाच कीटक बाहेर सोडत नाहीत.

उन्हाळ्यात सोडू नका. हा भुंगेरा कोरड्या महिन्यांत जमिनीत शिरून सुप्तावस्थेत राहतो आणि पावसाबरोबर वर येतो. पावसाला सुरुवात होऊन गवत कोवळं, गुडघ्याखाली असताना सोडा. अळ्या शेंड्याच्या कळ्या आणि कोवळी पाने खातात, मग फुलोरा रोखला जातो. गवत फुलून पांढरं झाल्यावर सोडलेले भुंगेरे पाने खातील, पण बी तोवर पडलेलं असेल. एकाच जागी भरपूर प्रौढ सोडा, चार ठिकाणी विखरून टाकू नका. जोडीदार सापडला नाही तर पुढची पिढीच होणार नाही. आणि त्या जागेवर त्या हंगामात कीटकनाशक फवारू नका, आजूबाजूच्या पिकावरची फवारणीसुद्धा वाऱ्याने येते.

---

रानवाट

यात एक भर. भुंगेरे सोडाल त्या जागेत कोणतं गवत किंवा झुडूप पुढे यावं असं वाटतं ते आधी ठरवा आणि बी गोळा करून ठेवा. तण मेलेली जमीन मोकळी राहत नाही. नैऋत्य अमेरिकेत वाळलेल्या झाऊखाली बऱ्याच ठिकाणी रशियन नॅपवीडसारखी दुसरी परदेशी तणंच उगवली. जिथे पूर येऊन काठावर नवा गाळ बसतो तिथे विलो आपोआप आले, जिथे धरणांमुळे पूर थांबलेत तिथे नाही.

---

मृद्गंध

सगळ्यांचे प्रतिसाद नीट वाचले. चाचण्यांबद्दलची माझी शंका बरीच कमी झाली, कीटकवेडा आणि रानवाट यांचे आभार.

एक आक्षेप मात्र शिल्लक आहे. टॅमरिक्स अफायला ही झाऊची मोठी जात मेक्सिकोत आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना सावलीसाठी लावलेली आहे. लोकांच्या अंगणात, गुरांच्या गोठ्यांपाशी. भुंगेऱ्यांनी तिचीही पाने काही प्रमाणात खाल्ली आहेत. अमेरिकेने ठरवलं की झाऊ नको, पण सीमेपलीकडच्या माणसाला त्याची सावली हवी आहे. एका देशाच्या परवानगीवर सोडलेला कीटक दुसऱ्या देशात जातो, तेव्हा त्या दुसऱ्या देशाला कुणी विचारायचं?

---

ओढ्याकाठी

या आक्षेपावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही आणि वरवरचं उत्तर देऊन तो उडवून लावायचा नाही. अफायलावरचा हल्ला झाऊच्या इतर जातींच्या मानाने कमी राहिला, ती झाडं सहसा पुन्हा पालवतात, हे खरं आहे. पण ज्याच्या गोठ्यावरची सावली गेली त्याला हा हिशेब पुरेसा नाही. माझं मत एवढंच की भुंगेरा ज्या ज्या प्रदेशात पोहोचू शकतो, त्या सगळ्या प्रदेशातल्या लोकांची आणि वनस्पतींची यादी चाचण्यांच्या आधी झाली पाहिजे. सीमा नकाशावरची न धरता भुंगेऱ्याची धरली पाहिजे. आणि पाणथळ यांनी सांगितल्याप्रमाणे, आज दिवसाच्या लांबीमुळे जिथे पोहोचत नाही तो प्रदेशसुद्धा त्यात धरायचा.

रानवाट, टणटणीच्या वाणांवर तुम्ही वेगळा धागा काढाल का? उन्हातल्या आणि सावलीतल्या झुडपांवर पोखरलेली पाने किती दिसतात, याच्या नोंदी इथल्या काही जणांकडे असतील. त्या एकत्र आल्या तर मला खूप उपयोग होईल.